कृमींच्या खिशातले घड्याळ

चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर आमॉय नावाचे एक जुने बंदर आहे. आजच्या नकाशात ते श्यामेन या नावाने सापडते. दीडशे वर्षांपूर्वी तिथे पॅट्रिक मॅन्सन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर राहत होता. आपल्या हाताखालच्या दोन चिनी मदतनिसांना त्याने सूक्ष्मदर्शकाखाली रक्त तपासायला शिकवले होते. काम सोपे, पण कंटाळवाणे. रुग्णाच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि त्यात वळवळणारे धाग्यासारखे कृमी दिसतात का ते पाहायचे. दिसले तर वहीत नोंद करायची. पुढे मॅन्सनने दोघांच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या, तेव्हा ताळा जुळेना. एकाला कृमी सारखे सापडत होते, दुसऱ्याला क्वचितच.

मी पस्तीस वर्षे बँकेत काढली. दोन कारकुनांच्या वह्या जुळल्या नाहीत की साहेबाचा पहिला संशय कुठे जातो, ते मला पाठ आहे. एक जण कामसू आणि दुसरा कामचुकार, असे ठरवून मेमो काढला की साहेब मोकळा. मॅन्सनने, निदान ही गोष्ट जशी सांगतात त्याप्रमाणे, आधी दोघांच्या कामाच्या वेळा पाहिल्या. ज्याला कृमी सापडत नव्हते तो दिवसा काचपट्ट्या करत होता. ज्याला सापडत होते तो रात्री. दोघांचीही नोंद खरी होती. खोटे कुणी बोलत असेल, तर ते दिवसाचे रक्त.

शरीरातल्या रोगाला वेळ असते, ठरलेल्या घटकेला तो बाहेर येतो आणि ठरलेल्या घटकेला दडून बसतो, ही गोष्ट आज आपल्याला फारशी चकित करत नाही. २०१७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक शरीरातल्या घड्याळाचे गुपित उकलणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्यावर पुष्कळ लिहून आले. पण त्या घड्याळाची टिकटिक रोगाच्या बाबतीत ज्याने फार आधी ऐकली, त्या माणसाचे नाव आपल्याकडे डॉक्टरमंडळी सोडली तर फार थोड्यांना ठाऊक असते. रोनाल्ड रॉस आपल्या शाळेच्या पुस्तकात असतो. त्याला वाट दाखवणारा मॅन्सन नसतो.

मॅन्सनचा जन्म ३ ऑक्टोबर १८४४ चा. गाव स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनशायरचे ओल्डमेल्ड्रम. वडील गावचे छोटे जमीनदार आणि शिवाय ब्रिटिश लिनन बँकेच्या स्थानिक शाखेचे व्यवस्थापक. हे वाचले तेव्हा मला उगाचच बरे वाटले. आमच्या जमातीची पोरेही काही तरी करून दाखवतात म्हणायची. नऊ भावंडांतला हा दुसरा. अभ्यासात चमक अशी नव्हती. बंदूक आणि शिकार यांचे वेड मात्र होते. लहानपणी त्याने एक हिंस्र मांजर मारले आणि ते फाडून त्याच्या आतड्यातून लांबलचक पट्टकृमी बाहेर काढला, अशी आठवण त्याच्या चरित्रात येते. प्राण्याच्या पोटात दुसराच प्राणी राहतो, याचे त्या पोराला किळस येण्याऐवजी कुतूहल वाटले, एवढे आपण लक्षात ठेवू.

पंधराव्या वर्षी त्याला ॲबर्डीनच्या एका लोखंडाच्या कारखान्यात उमेदवार म्हणून घातले. कारखाना आईच्या नात्यातल्या लोकांचा होता. तिथल्या ढोर मेहनतीने त्याच्या पाठीचा कणा वाकला आणि उजवा हात दुबळा झाला. काही महिने दिवसातला बराच वेळ उताणे पडून राहण्याची सक्ती झाली. त्या पडून राहण्यात त्याने प्राणिशास्त्र वाचले, कॉलेजातली व्याख्याने ऐकली आणि लोखंड सुटून वैद्यक आले. पदवीची परीक्षा तो इतक्या लहान वयात उतरला की पदवी घ्यायला वय भरेपर्यंत थांबावे लागले. १८६५ मध्ये डॉक्टर झाला, थोडे दिवस डरहॅमच्या मनोरुग्णालयात काढले आणि १८६६ मध्ये बोटीने फॉर्मोसाला, म्हणजे आजच्या तैवानला गेला. चीनच्या सागरी जकात खात्यात वैद्यकीय अधिकाऱ्याची जागा होती. बंदरात येणाऱ्या जहाजांवरचे खलाशी तपासायचे आणि उरलेल्या वेळात गावातले रोगी. पाच वर्षांनी, १८७१ मध्ये, तो समोरच्या किनाऱ्यावर आमॉयला आला.

आमॉयमध्ये हत्तीरोगाचे रुग्ण रस्तोरस्ती दिसत. पाय खांबासारखे सुजलेले, कातडी जाड आणि भेगाळलेली. काहींच्या शरीराला एवढ्या मोठ्या गाठी लटकलेल्या, की त्यांना चालणे मुश्किल होई. परदेशी डॉक्टर दाराआड माणसाचे काय करतो कोण जाणे, अशी लोकांत भीती होती. मॅन्सनने म्हणून शस्त्रक्रियेची खोली अशी ठेवली की रस्त्यावरून जाणाऱ्याला आत काय चालले आहे ते दिसावे. गाठी कापून तो माणसे चालती करत होता, पण रोग कशाने होतो हे त्याला ठाऊक नव्हते. तेव्हा ते कुणालाच नीट ठाऊक नव्हते.

धागा मिळाला तो आपल्या देशातून. कलकत्त्यात टिमथी लुइस या लष्करी डॉक्टरला १८७२ मध्ये माणसाच्या रक्तात हे सूक्ष्म कृमी दिसले होते. मॅन्सन रजेवर मायदेशी गेला असताना लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसून त्याने हे सारे वाचून काढले. डिसेंबर १८७५ मध्ये हेन्रिएटा थर्बर्न हिच्याशी लग्न केले आणि नवी नवरी व चांगला सूक्ष्मदर्शक असे दोन्ही घेऊन तो आमॉयला परतला. यांतल्या कोणाला किती वेळ मिळाला असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

आता त्याच्या डोक्यातले कोडे असे होते. मोठे कृमी माणसाच्या लसिकावाहिन्यांत राहतात. रक्तात फिरतात ती त्यांची पिल्ले, मिलीमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. ही पिल्ले हजारो, लाखो असतात आणि रक्तात कधी मोठी होत नाहीत. ती सगळी तिथेच वाढती, तर त्यांच्या भारानेच माणूस मेला असता. म्हणजे त्यांना वाढायला दुसरे घर हवे. रक्तातून बाहेर पडायची सोय त्यांच्या स्वतःजवळ नाही, तेव्हा कुणीतरी येऊन रक्त पिऊन त्यांना घेऊन जायला हवे. मॅन्सनने डासावर बोट ठेवले.

त्याच्याकडे हिन लो नावाचा एक माळी होता. त्याच्या रक्तात ही पिल्ले भरपूर होती. १८७७ च्या ऑगस्टमध्ये मॅन्सनने त्याला एका खोपट्यात झोपवले. शेजारी दिवा ठेवला, दार उघडे ठेवून डास आत येऊ दिले, मग दार लावून घेतले. सकाळी रक्त पिऊन फुगलेले डास भिंतींवर बसलेले असत. तंबाखूच्या धुराने त्यांना गुंगी आणायची, पेल्याखाली धरायचे, बाटलीत भरायचे आणि मग एकेक डास उघडून पाहायचा. डासाच्या पोटात जाऊन पिल्ले पचून जातील अशी कुणाचीही समजूत झाली असती. पण ती पचत नव्हती. अंगावरचे पातळ वेष्टन टाकून, जठराची भिंत भेदून ती डासाच्या छातीच्या स्नायूंत शिरत होती आणि तिथे दिवसागणिक वाढत होती. माणसाचा रोग एखाद्या कीटकाच्या शरीरात वाढतो, हे जगात पहिल्यांदा दिसले ते इथे. हिवताप, पीतज्वर, डेंग्यू यांचे सगळे पुढचे शास्त्र या खोपट्यातून निघाले.

हिन लोचे पुढे काय झाले, त्याची सूज उतरली की वाढली, याचा उल्लेख मला कुठे सापडला नाही. रात्रभर उघड्या अंगाने डासांना रक्त पाजणाऱ्या त्या माळ्याचे नाव मॅन्सनच्या निबंधात आहे, एवढाच त्याचा मोबदला इतिहासात नोंदलेला आहे. कादंबरीकार म्हणून माझे लक्ष राहून राहून त्याच्याकडे जाते.

आणि मग आल्या त्या न जुळणाऱ्या वह्या. मॅन्सनने आता मदतनिसांच्या वेळा बाजूला ठेवल्या आणि तेच रुग्ण दिवसरात्र दर काही तासांनी टोचून पिल्ले मोजायला सुरुवात केली. आकडे पाहून कुणीही चक्रावले असते. दिवसभर रक्त जवळपास स्वच्छ. संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला एखाददुसरे पिल्लू दिसू लागे. मग संख्या चढत जाई, मध्यरात्रीच्या सुमाराला भर असे, आणि पहाटेपासून उतरत सकाळी आठ-नऊला पुन्हा सामसूम. रोज, न चुकता. आमॉयमधला जो डास हा रोग पसरवत होता तोही रात्री चावणारा होता. डास ज्या वेळी दारात येतो, नेमक्या त्याच वेळी पिल्ले कातडीजवळच्या रक्तात येऊन उभी राहतात. एसटीची वेळ झाली की लोक फाट्यावर येऊन थांबतात, तशी.

ही बातमी लंडनला पोचली तेव्हा विद्वानांना हसू आवरले नाही. डासाची गोष्ट १८७८ च्या मार्चमध्ये लिनियन सोसायटीत वाचली गेली, तेव्हाच पुष्कळांनी नाक मुरडले होते. आता हे वेळापत्रक. या कृमींच्या खिशात घड्याळे असतात की काय, अशी कुणीतरी थट्टा केल्याचे सांगतात. थट्टा करणाऱ्याला कल्पना नव्हती की तो जवळजवळ बरोबर बोलतो आहे.

१८८१ मध्ये लंडनच्या एका इस्पितळात स्टीफन मॅकेन्झी या डॉक्टरने एक सुंदर प्रयोग केला. हत्तीरोगाचे कृमी रक्तात असलेल्या एका रुग्णाला त्याने दिवसा झोपायला आणि रात्री जागायला लावले. काही दिवस गोंधळ झाला आणि मग कृमींचे वेळापत्रकही उलटे झाले. भर दिवसा, माणूस झोपलेला असताना, पिल्ले रक्तात येऊ लागली. याचा अर्थ असा, की कृमी सूर्याकडे पाहत नव्हते. ज्याच्या घरात राहतात, त्या माणसाच्या झोपेकडे पाहत होते. घड्याळ माणसाचे, त्याच्याकडे बघून वेळ लावणारे कृमी.

हे वाचताना मला विदर्भातले माझे दिवस आठवले. ऐंशीच्या दशकात माझी बदली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शाखेत झाली होती. त्या भागात हत्तीरोग आहे हे मला तिथे गेल्यावरच कळले. रात्री जेवणे आटोपून लोक अंगणात खाटा टाकू लागले की आरोग्य खात्याची दोन माणसे कंदील आणि काचपट्ट्यांची पेटी घेऊन गल्लीत येत. ही काय यायची वेळ झाली, म्हणून बाया करवादत. झोपलेल्या पोरांना उठवून बोटे टोचावी लागत, मग रडारड. सरकारी माणूस रात्री नऊनंतर कामावर आलेला पाहण्याचा योग एरवी दुर्मीळच. भारतात राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला, आणि पुढे कित्येक दशके अशा रात्रीच्या रक्तनमुन्यांवरच त्याचा हिशेब चालला. दिवसा रक्त घेतले असते तर अख्खी गल्ली निरोगी ठरली असती. आमच्या शाखेचा रात्रीचा पहारेकरीही निमूटपणे बोट पुढे करायचा. तो दिवसा झोपत असे. मॅकेन्झीचा प्रयोग वाचल्यापासून मी विचार करतो आहे, की अशा माणसाची काचपट्टी रात्री दहाला कोरीच यायची, मग रक्तात काहीही असो. आता दिवसाही चालणारी चाचणीपट्टी निघाली आहे, आणि २००४ पासून रोगट भागात घरोघर वर्षातून एकदा औषधाच्या गोळ्या देतात. पण त्या काळी देशभरात रात्रपाळी करणारे किती पहारेकरी, रेल्वेचे पॉइंटमन, गिरणीकामगार असे कोऱ्या काचपट्टीवर सुटले असतील!

मॅन्सनकडे परत जाऊ. १८८३ मध्ये त्याने आमॉय सोडले आणि हाँगकाँगला व्यवसाय थाटला. तिथे चिनी विद्यार्थ्यांसाठी १८८७ मध्ये जे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्याचा तो पहिला प्रमुख. तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक म्हणजे सन यत्-सेन, ज्याने पुढे चीनची राजसत्ता उलथवली. १८९६ मध्ये याच सन यत्-सेनला लंडनच्या चिनी वकिलातीत पळवून कोंडून ठेवले, तेव्हा त्याला सोडवण्यासाठी धावपळ करणाऱ्यांत त्याचे जुने शिक्षक कँटली आणि मॅन्सन हे होते. हा एक वेगळाच चित्रपट आहे, इथे नको. शुद्ध दूध मिळावे म्हणून हाँगकाँगात डेअरी फार्म कंपनी काढण्यातही मॅन्सन पुढे होता.

पंचेचाळिसाव्या वर्षी, १८८९ मध्ये, चांगली पुंजी गाठीला बांधून तो स्कॉटलंडला परतला. आता जमीनदारी करायची, शिकार आणि मासेमारी करायची असा बेत होता. पण पुंजी होती चांदीच्या डॉलरात, आणि चांदीचा भाव जगभर घसरत होता. आपला रुपयाही त्याच काळात पौंडापुढे लोळत होता आणि हिंदुस्थानातले गोरे अधिकारी घरी पैसे पाठवताना कपाळाला हात लावत होते. मॅन्सनची बचत पाहता पाहता वितळली आणि त्याला लंडनला जाऊन पुन्हा पाटी लावावी लागली. विनिमयाच्या दराने अनेकांचे संसार बुडाल्याचे मी पाहिले आहे. दर घसरल्याने वैद्यकशास्त्राचे भले झाल्याचे हे एकच उदाहरण माझ्या माहितीत आहे. चांदी टिकली असती तर मॅन्सन ॲबर्डीनशायरच्या ओढ्यात गळ टाकून बसला असता आणि १८९४ मध्ये रॉस कुणाच्या दारात गेला असता?

रॉस तेव्हा रजेवर होता. हिवतापाचे जंतू वगैरे काही नसते, अशा मताचा हा तऱ्हेवाईक लष्करी डॉक्टर मॅन्सनकडे आला. मॅन्सनने त्याला सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचे जंतू दाखवले आणि आपला तर्क सांगितला: हत्तीरोगासारखाच हाही डासांतून जात असणार. रॉस ती कल्पना डोक्यात घेऊन हिंदुस्थानात परतला. पुढची चार वर्षे दोघांत पत्रांचा पाऊस पडला. तर्कात एक खोट होती. डास एकदाच रक्त पितो, पाण्यात अंडी घालून मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला रोग होतो, अशी मॅन्सनची आमॉयपासूनची समजूत होती. डासांचे त्याचे ज्ञान तुटपुंजे होते. आमॉयहून त्याने डासांवरचे पुस्तक मागवले, तर कित्येक महिन्यांनी झुरळांवरचे पुस्तक आले, असा किस्सा आहे. या चुकीच्या समजुतीपायी रॉसचा काळ फुकट गेला, पण दिशा बरोबर होती. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रॉसला ॲनोफिलिस डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा जंतू दिसला.

शेवटचा टप्पा मात्र रानपाखरांनी पार पाडला. १८९८ मध्ये रॉस कलकत्त्यात होता. प्लेगचे दिवस. पुण्यात आदल्या जूनमध्ये रँडचा वध झाला होता, आणि कलकत्त्यात लस टोचण्याच्या अफवांनी घबराट माजली होती. सुई घेऊन आलेल्या गोऱ्या डॉक्टरपुढे बोट करायला कुणी तयार होईना. मग रॉसने चिमण्या आणि चंडोल धरले. पाखरांनाही त्यांचा हिवताप असतो. रात्री पाखरांचे पिंजरे मच्छरदाणीत ठेवायचे, आत डास सोडायचे, सकाळी डास वेचायचे. थेट हिन लोच्या खोपट्याची पद्धत. जुलैत त्याला जंतू डासाच्या लाळग्रंथीत सापडले. रोग पाण्यातून जात नाही, डासाच्या चाव्यातूनच जातो, हे त्याने निरोगी चिमण्यांना डास चाववून सिद्ध केले. त्याची तार आली आणि मॅन्सनने एडिंबराच्या डॉक्टरांच्या सभेत ती अभिमानाने जाहीर केली. स्वतःची समजूत चुकीची ठरल्याची ती तार होती. १९०२ चे नोबेल एकट्या रॉसला मिळाले. पुढे गुरुशिष्यांत वितुष्ट आले, आणि ते बहुतांशी शिष्याच्या स्वभावाने आले असे माझे मत आहे.

पण चिमण्यांवरून माणसाचे सिद्ध होत नव्हते. लंडनमधले लोक विश्वास ठेवेनात. तेव्हा १९०० मध्ये रोमहून हिवतापाच्या रुग्णांना चावलेले डास पिंजऱ्यात घालून लंडनला आणले गेले आणि ते ज्याला चाववले तो मॅन्सनचा थोरला मुलगा होता. पॅट्रिक थर्बर्न मॅन्सन, वय २३, वैद्यकाचा विद्यार्थी. अगदी लहानपण सोडले तर तो कधी हिवतापाच्या मुलखात राहिलेला नव्हता. त्याला थंडी वाजून ताप भरला, रक्तात जंतू दिसले, क्विनीनने बरे वाटले आणि काही महिन्यांनी ताप पुन्हा उलटला. मुलगा आपणहून पुढे झाला होता. तरीही त्या घरात, हेन्रिएटाबाईंच्या समोर, मुलाच्या हातावर डासांचा पिंजरा टेकवला गेला त्या संध्याकाळी काय वातावरण असेल, ते मी लिहू पाहतो आणि थांबतो. हा मुलगा ताप सोसून उठला, पण १९०२ मध्ये ख्रिसमस बेटावर बंदुकीच्या अपघातात गेला.

त्याच उन्हाळ्यात मॅन्सनने दुसराही प्रयोग लावला. रोमजवळच्या ओस्तियाच्या दलदलीत, जिथे हिवताप हमखास, तिथे जाळ्या लावलेले एक लाकडी घर उभारले. लो आणि साम्बोन हे दोन डॉक्टर आपल्या सोबत्यांसह त्यात राहिले. दिवसा ते कुठेही हिंडत, तिथलेच पाणी पीत, पावसात भिजत. नियम एकच. सूर्य मावळण्याआधी घरात यायचे आणि उगवल्यावरच बाहेर पडायचे. संपूर्ण हंगाम गेला, एकालाही ताप आला नाही. शेजारच्या वस्तीत लोक फणफणत होते. त्या दलदलीतले संकट पाण्यात नव्हते, हवेत नव्हते. ते रात्रीच्या तासांत होते.

कृमी दिवसा कुठे जातात हे मॅन्सनला १८९७ मध्ये कळले होते, तेही दुःखद रीतीने. हत्तीरोगाचे कृमी रक्तात असलेल्या त्याच्या एका रुग्णाने सकाळच्या वेळी आत्महत्या केली. शवविच्छेदनात पिल्ले फुप्फुसात आणि हृदयाजवळच्या मोठ्या रोहिण्यांत दाटीवाटीने सापडली. का, हे कळायला आणखी साठेक वर्षे लागली. लंडनच्या फ्रँक हॉकिंगने ते उलगडले. विश्वाचा काळ शोधणाऱ्या स्टीफन हॉकिंगचे हे वडील. माणूस जागा असतो तेव्हा फुप्फुसाच्या एका बाजूच्या आणि दुसऱ्या बाजूच्या रक्तातल्या प्राणवायूत मोठा फरक असतो. कृमी तो ओळखून तिथेच अडून राहतात. झोपेत हा फरक घटतो आणि ते सुटतात. रात्री रुग्णाला प्राणवायू हुंगवला की ते पुन्हा फुप्फुसाकडे पळत.

मॅन्सनने आमॉयमध्ये कुत्री, कावळे आणि कावळ्याच्याच कुळातले मॅग्पाय पक्षी यांच्याही रक्तात असे कृमी पाहिले होते. त्याच्या मागून आलेल्यांनी ही मोजणी रानावनात नेली. आफ्रिकेत डोळ्यात फिरणारा लोआ नावाचा कृमी आहे. त्याची पिल्ले माणसाच्या रक्तात दिवसा येतात, कारण त्यांना नेणारी माशी दिवसा चावते. ती माशी कोणती असावी याचा अंदाज मॅन्सनने आधीच केला होता, तो १९१२ मध्ये खरा ठरला. पण कॅमेरूनच्या जंगलात माकडांमध्येही याच कृमीचा भाऊबंद आहे आणि त्याची पिल्ले रात्री बाहेर येतात. माकडे झाडाच्या शेंड्यावर झोपायला चढली की तिथे अंधार पडताना चावणाऱ्या वेगळ्या माश्या असतात, त्यांच्यासाठी. हिवतापाच्या जंतूजवळ तर स्वतःचेच घड्याळ आहे, असे २०२० मध्ये दिसून आले. तो ताप दिवसाआड किंवा चौथ्या दिवशी ठरल्या वेळी का फणफणतो, या आपल्या आजीपणजींच्या कोड्याचा एक धागा तिथे आहे.

१९०३ मध्ये मॅन्सन सर झाला. लंडनला उष्ण प्रदेशातल्या रोगांची शाळा त्याने १८९९ मध्येच काढली होती. १९१२ मध्ये निवृत्त झाल्यावर संधिवाताने वाकलेला हा म्हातारा आयर्लंडमध्ये तळ्याकाठी गळ टाकून बसू लागला. चांदीने हिरावलेला बेत वीसेक वर्षांनी पुरा झाला. ९ एप्रिल १९२२ रोजी तो गेला.

त्याच्या गळाला लागणाऱ्या माशांच्या अंगावरही हीच घड्याळे चालू असतात, हे त्याच्या मागून कळले. समुद्रातल्या माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा एक रोग होतो. त्याचा परजीवी अंधारात मासा सोडून तळाशी जातो, आणि त्याची पिल्लेही अंधारातच कोषातून फुटतात, मासे तळाजवळ विसावलेले असताना. शिकार पुढ्यातच. मत्स्यशेतीत मासे भराभर वाढावेत म्हणून पिंजऱ्यांवर रात्रभर दिवे लावतात. ब्रिटनमध्ये ट्राउट माशांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की माशाच्या कातडीची रोगाशी लढायची ताकद आणि तिच्यावरचे सूक्ष्मजीव यांना दिवसरात्रीची लय असते, आणि सतत उजेडात ती बिघडते. रात्र काढून घेतली की मासा वाढतो, पण त्याच्या अंगावरचा पहारा ढिला पडतो.

मॅन्सनच्या नावाचा एक कृमी आहे. १९०२ मध्ये वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका रुग्णात त्याने एका बाजूला काटा असलेली वेगळी अंडी पाहिली होती. पुढे १९०७ मध्ये साम्बोनने त्या कृमीला शिस्टोसोमा मॅन्सोनी असे नाव दिले. याची पिल्ले गोड्या पाण्यातल्या गोगलगायीतून बाहेर पडतात आणि पाण्यात उतरणाऱ्याच्या कातडीतून आत शिरतात. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर फ्रेंच शास्त्रज्ञांनी ती कधी बाहेर पडतात ते तास लावून मोजले. जिथे पाण्यात माणसे उतरतात तिथल्या गोगलगायींतून ती दुपारच्या सुमाराला निघतात. त्याच बेटावरच्या दलदलीत, जिथे माणूस सहसा जात नाही आणि रानातले उंदीर संध्याकाळी पाण्याला येतात, तिथे ती दिवस कलेपर्यंत थांबतात. दोन्हींचा संकर केला, तर पिल्ले मधल्या वेळेला निघतात.